पिंपळाखालचा उभा दगड नवाश्मयुगीन आहे का, आणि रिडेव्हलपमेंटमध्ये त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर इथेच कळेल. मुंबईत गावठाणाला लागून तुमची जुनी चार मजली सोसायटी. मागच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीशी, पिंपळाखाली एक काळा दगड उभा आहे. जमिनीवर अडीच फूट, रुंदी हातभर. वरच्या अंगाला एक गोल, त्याच्या शेजारी कोयरीसारखं काहीतरी, बाकी सगळा शेंदूर. गावठाणातल्या एक आजी दर अमावास्येला येऊन दिवा लावतात, त्यांच्या घरी त्याला 'खांबदेव' म्हणतात. सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. ग्रुपवर कोणीतरी टाकलं की हा पाच हजार वर्षांपूर्वीचा नवाश्मयुगीन शिलास्तंभ आहे, आणि तेव्हापासून सभेत दोन तट पडलेत. एक म्हणतो म्युझियमला देऊन मोकळे व्हा. दुसरा म्हणतो कुणाला कळवूच नका, प्रकल्प लटकेल. बिल्डरच्या सल्लागाराने 'कार्बन टेस्ट करून घेऊ' असंही सुचवलंय. तुम्ही सेक्रेटरी, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या तुम्हालाच.

सत्तावीस वर्षं दगडांच्या जतनाचं काम करतेय, आणि हा प्रश्न दर पावसाळ्याआधी कुठून ना कुठून येतोच, कारण पाडकामं तेव्हाच उरकायची असतात. तर सरळ सांगते. नवाश्मयुगीन नाही, हे मी फोटोवरूनही जवळजवळ खात्रीने म्हणेन. पण आठ-नऊशे वर्षांचा असू शकतो. कळवा, अवश्य कळवा. आणि काहीही झालं तरी तो तिथून उपटू नका.

आता सविस्तर.

उभा दगड दिसला की 'नवाश्मयुग' म्हणायची सवय युरोपातल्या फोटोंनी लावली आहे. फ्रान्समधलं कार्नाक, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरचं स्टेनेस, तिथल्या शिळा खरोखरच शेतीच्या आरंभकाळातल्या, म्हणजे नवाश्मयुगीन आहेत. आपल्या द्वीपकल्पात मात्र हिशेब वेगळा आहे. दक्षिणेत नवाश्मयुगीन माणसांची चांगली ओळख पटलेली आहे. कर्नाटकातलं ब्रह्मगिरी, बळ्ळारीजवळचं संगनकल्लू, ते राखेचे ढिगारे, घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी. पण मोठाले दगड उभे करण्याची चाल मुख्यतः त्यानंतरची, लोखंड आल्यावरची. १९४७ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी ब्रह्मगिरीला खणलं तेव्हा दगडी कुऱ्हाडींचा थर खाली आणि महापाषाणांचा, म्हणजे या मोठाल्या दगडांचा, त्याच्या वर, असाच क्रम लागला. काश्मीरमधल्या बुर्झहोमलाही खड्ड्यांतली नवाश्मयुगीन घरं आधीची, उभ्या शिळा नंतरच्या. आपल्या विदर्भात नागपूरजवळ जुनापाणीला शेकडो शिलावर्तुळं आहेत, माहुरझरी आणि नैकुंडलाही आहेत. तीही लोहयुगातली, नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. तेलंगणातलं मुडुमल २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, तिथले दहा-चौदा फुटी दगडही महापाषाण परंपरेतलेच मानले जातात.

मुंबईत अश्मयुग नव्हतं असं मात्र नाही. कांदिवलीला गेल्या शतकाच्या तिशीच्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला गारगोटीची छोटी छोटी हत्यारं मिळाली होती, बोटाच्या पेराएवढी. पण ती हत्यारं. उभ्या दगडांशी त्यांचा काही संबंध नाही. शिवाय तुमचा प्लॉट भरावाचा आहे का, हेही एकदा जुन्या नकाशात बघा. भरावावर उभा असलेला दगड भरावापेक्षा जुना असू शकतो, पण मग तो कुठून तरी आणून ठेवलेला आहे.

मग तुमच्याकडे आहे काय? तुम्ही पाठवलेला दुसरा फोटो, उन्हं कलल्यावर काढलेला, तो बोलतो. गोल आणि 'कोयरी' म्हणजे सूर्य आणि चंद्रकोर. शेंदराच्या पुटांमुळे कोरीची टोकं बोथट झालीत, एवढंच. 'चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं' अशी ती खूण आहे, आणि उत्तर कोकणात अशी ठेवण गधेगाळीची, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडाची, असते. वीरगळीवरही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेवरही, चंद्र-सूर्य असतात, पण वीरगळीत साधारण त्यांच्याखाली शिवलिंगाची पूजा, मग स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, मग लढाई असे थर एकावर एक लागतात. बोरिवलीच्या एकसरला जाऊन बघा. तिथल्या वीरगळींवर जमिनीवरच्या लढाईबरोबर चक्क वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरली आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये अशा सहा दगडांचं वर्णन आहे. ती लढाई नेमकी कोणाची यावर अभ्यासकांचं अजून भांडण आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची म्हणणारे आहेत, त्याहून दोन-अडीचशे वर्षं मागे जाणारेही आहेत.

तुमच्या दगडात सूर्यचंद्रांच्या खाली सपाट पट्टी दिसते आणि तिच्यावर आडव्या रेघांचा भास आहे. तो लेख असू शकतो. आणि त्याच्याखाली, तुमच्या पेव्हर ब्लॉकच्या खाली, काय असेल ते सांगते. सभेत सांगताना थोडं अवघड जाईल. तिथे बहुतेक एक गाढव आणि एक बाई कोरलेली असेल.

गधेगाळ म्हणजे दानपत्राचं कुलूप. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने देवाला, मठाला, कोणाला जमीन दिली, उत्पन्न लावून दिलं. ते पुढच्या कोणी मोडू नये म्हणून शेवटी शाप. जो मोडेल त्याच्या आईवर गाढव, असा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र, ज्याला येतं त्याच्यासाठी अक्षरं. परळला सापडलेल्या अपरादित्य शिलाहाराच्या लेखात, शके ११०८ म्हणजे इ.स. ११८६-८७, सगळं संस्कृतात चाललेलं असताना शिवी मात्र मराठीत येते. शिवी समजलीच पाहिजे ना! तो दगड आज आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख, शं. गो. तुळपुळे यांनी ज्याचं वाचन शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ असं केलं आणि ज्याला मराठीतला सर्वांत जुना मानणारे बरेच आहेत, तोही गधेगाळीवरच कोरलेला आहे. म्हणजे आपल्या भाषेचे जे अगदी सुरुवातीचे दस्तऐवज आहेत त्यांत ही शिवी आहे. अभिजात दर्जाच्या सोहळ्यांत हे कोणी सांगत नाही.

एक बाई म्हणून समित्यांसमोर हे चित्र समजावून सांगायची वेळ माझ्यावर खूपदा आली. पूर्वी मी 'प्रतीकात्मक आकृती' म्हणून पुढे सरकायचे. आता सरळ सांगते, कारण न सांगितल्याचा परिणाम मी पाहिला आहे. खणताना अचानक खालचा भाग उघडा पडतो, कोणीतरी 'अभद्र' म्हणतो, आणि रातोरात दगड उलटा केला जातो किंवा छिन्नीने तेवढाच भाग उडवला जातो. तेव्हा सभेत आधीच सांगून ठेवा. हसू येईल, येऊ द्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही फोटोवरून एवढं ठरवलंत? ठरवलेलं नाही. शक्यता सांगितली. मुंबईत उभ्या दगडांची भाऊगर्दी आहे आणि मीसुद्धा फसले आहे. ब्रिटिशांच्या काळचे मैलाचे दगड आहेत, सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर दाखवणारे. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले आणि ते गळ्यापर्यंत गाडले गेले. महापालिकेने गेल्या काही वर्षांत त्यांतले बरेच शोधून, खणून वर काढले. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, गावठाणांतल्या क्रूसांचे चौथरे आहेत, त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगनंतरचे. आरेच्या पाड्यांवर वाघोबा आहेत, त्यांच्यावरही चंद्र-सूर्य असतात बरं का. मोजणीचे दगड आहेत, बैल बांधायचे खुंट आहेत. पहिल्या काही वर्षांत मी एका खांबाला मोठ्या उत्साहाने सतीशिळा म्हणून नोंदवलं होतं. नंतर एका म्हाताऱ्या कोळीबुवांनी दाखवून दिलं की वरची खाच दोर घासून पडली आहे, हा होडी बांधायचा खुंट. वहीत ती नोंद खोडून ठेवली आहे, फाडलेली नाही.

कार्बन टेस्टचं म्हणाल तर सल्लागाराचे पैसे वाचवा. दगडाला कार्बनची चाचणी लागू पडत नाही. तिला कोळसा, हाड, लाकूड असं कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. आणि दगडाचं स्वतःचं वय विचाराल तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा कातळ सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला आहे, त्याने काय सिद्ध होणार? आपल्याला हवं असतं ते दगड उभा केल्याचं वय. ते कोरीवकामाच्या शैलीवरून, अक्षरांच्या वळणावरून निघतं. आणि कोरीव काहीच नसेल तर तो ज्या खड्ड्यात रोवलाय त्या खड्ड्यातून निघतं. खड्डा करताना तळाशी पडलेला कोळशाचा तुकडा, पाचरीला लावलेले छोटे दगड, एखादं खापर. जगात ज्या शिळांना तारखा मिळाल्या त्या बहुतेक अशाच मिळाल्या, पायाखालच्या मातीतून.

म्हणून म्हणते, उपटू नका. दगड उचलला की तो खड्डा गेला. मग जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत न्या.

यावर माझा स्वतःचा एक दोष सांगायचा राहून जाऊ नये. वीसेक वर्षांपूर्वी रस्तारुंदीत येणारी एक वीरगळ मी स्वतः पाठपुरावा करून हलवली. सुरक्षित राहील म्हणून एका कार्यालयाच्या आवारात ठेवायला लावली, पावती घेतली, फोटो काढले, फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. सहा वर्षांनी गेले तेव्हा ती मोडक्या खुर्च्या आणि जुन्या पाण्याच्या टाकीच्या मागे आडवी होती. बांधलेली चिठ्ठी गळून गेलेली. साहेब बदललेले. तिथल्या कोणालाच ती कुठून आली ते माहीत नव्हतं, आणि जिथून आली त्या वस्तीत आता कोणाला ती आठवत नव्हती, कारण डोळ्यांसमोर नव्हती. माझ्याकडे पावती होती म्हणून तिला गाव तरी आहे. वरवंटा फिरला असता तर निदान भांडण झालं असतं. हे तसं नाही. हिचा कोणी वैरी नव्हता आणि वालीही नव्हता.

म्युझियमला द्या म्हणणाऱ्यांना हे सांगा. मोठ्या वस्तुसंग्रहालयांच्या कोठारांत जागा नाही, आणि नुसता दगड, ठिकाणाशिवायचा, त्यांनाही फारसा नको असतो. गधेगाळ म्हणजे 'या जमिनीवर' असं म्हणणारा दस्तऐवज. जमीन काढून घेतली की वाक्यातलं कर्म गेलं.

हलवणं अगदीच टळत नसेल तेव्हा काय होऊ शकतं त्याचं चांगलं उदाहरण परळमध्येच आहे. १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना तिथे शिवाची ती प्रचंड शिळा निघाली, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, एकातून एक उमलत जाणाऱ्या सात आकृतींची, सहाव्या शतकाच्या आगेमागेची. आज ती बारादेवीच्या मंदिरात आहे, वस्तीतच, पूजेत. वस्तुसंग्रहालयात तिचा साचा घेऊन केलेली प्रतिकृती आहे. अस्सल लोकांकडे, नक्कल म्युझियमकडे. मला हा सौदा फार शहाणपणाचा वाटतो. आता तर प्रतिकृतीसाठी साचाही घ्यावा लागत नाही. शंभर-दोनशे फोटोंवरून त्रिमितीय प्रत तयार होते.

पूजा थांबवा असं तुमच्यातल्या काहींनी सुचवलंय, 'हेरिटेज आहे म्हणून'. याला माझा सक्त विरोध. तो दगड आजवर टिकला तो पूजेमुळेच. ऑर्कनीचीच गोष्ट सांगते. स्टेनेसच्या शिळांजवळ ओडिन स्टोन नावाचा आरपार भोक असलेला एक दगड होता. त्या भोकातून हात मिळवून लोक शपथा घेत, लग्न ठरवत. १८१४ च्या डिसेंबरात तिथल्या एका कुळाने, बाहेरून आलेल्या माणसाने, लोकांची ये-जा शेतात नको म्हणून तो फोडला. गाव इतकं भडकलं की त्याचं घर जाळायचा प्रयत्न झाला. सरकारचा कायदा तोवर तिकडे नव्हता. हजारो वर्षं त्या दगडाला राखणारं जे काही होतं ते त्या भोकातून घातलेल्या हातांत होतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मलबार पॉइंटच्या श्रीगुंडीच्या कपारीतून पापक्षालनासाठी लोक अंग चोरून पार व्हायचे, राघोबादादांसकट, असं जुन्या नोंदी सांगतात. राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात श्रीगुंडीचं देऊळ आजही आहे.

फक्त पूजेची पद्धत थोडी वळवून घ्यायची. तेल, दूध, दही दगडावर नको. त्याने बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात. नारळ दगडावर फोडायचा नाही, समोर एक वेगळी फरशी टाका, तिथे फोडा, दिवाही तिथेच. कोरडं हळदकुंकू, फूल चालेल. ऑइल पेंट मात्र कोणाच्याही हातात देऊ नका. नवरात्रात 'छान दिसावं' म्हणून चंदेरी रंग दिलेली एक गधेगाळ मी पाहिली आहे. रंगाखाली दगड घामेजतो, आत मुरलेलं खारं पाणी सुकताना मीठ फुगतं आणि पापुद्र्यासकट अक्षरं सुटतात. समुद्राकाठच्या शहरात हे फार लवकर होतं.

चढलेला शेंदूर काढायचा का? घाई नको. तो चांगलं कवचही असतो. वणीच्या सप्तशृंगीवरून २०२२ मध्ये एक टनाहून जास्त शेंदूर उतरवला तेव्हा आतली मूर्ती किती रेखीव ते सगळ्यांनी पाहिलं. पण ते तज्ज्ञांचं, मंदिर बंद ठेवून केलेलं काम होतं. तुम्ही तारेचा ब्रश, ॲसिड, प्रेशर वॉशर यांतलं काही वापरलंत तर शेंदराबरोबर लेख जाईल. तुमच्या हातात असलेली सगळ्यांत उपयोगी गोष्ट साधी आहे. रात्री अंधार करून टॉर्च दगडाच्या अगदी कडेला धरायचा, उजेड पृष्ठभागावरून तिरका घसरला पाहिजे, आणि आठ दिशांनी फोटो. दिवसा न दिसणारी अक्षरं अशी उठून येतात की अंगावर काटा येतो. शेजारी मोजपट्टी ठेवा. ओल्या कागदाचा ठसा घेणारे हौशी लोक येतील, त्यांना परवानगीशिवाय हात लावू देऊ नका. शाईचे डाग पडलेले लेख मी पुसत बसले आहे.

आता ज्याची सगळ्यांना धास्ती आहे तो भाग. शंभर मीटरमध्ये बांधकामबंदी आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये नियंत्रण हा नियम १९५८ च्या केंद्रीय कायद्याला २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीतला, आणि तो केंद्राने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांना लागतो. तुम्ही पत्र दिलंत म्हणून तुमचा दगड दुसऱ्या दिवशी एलिफंटा होत नाही. राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहे, त्यातही संरक्षित करायचं तर अधिसूचना निघावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. मुंबईच्या वारसा यादीचं, म्हणजे १९९५ पासून चालत आलेल्या आणि आता विकास नियमावली २०३४ मध्ये असलेल्या नियमांचं, तसंच. नाव सुचवायला प्रक्रिया आहे.

उलट न कळवण्यात धोका आहे. शंभर वर्षांहून जुना कोरीव दगड १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. आणि पाया खणताना जमिनीतून काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक. दहा रुपये तेव्हाचे, पण आकडा तोच आहे. लपवलेला दगड अर्ध्या बांधकामात उघडा पडला आणि कोणी व्हिडिओ केला, तर काम त्यावेळी थांबेल, व्याज चालू असताना. आज कळवलंत तर कागद तुमच्या बाजूने असेल. पत्र राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला, फोर्टात सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आवारात. प्रत महापालिकेच्या वारसा जतन विभागाला. पत्रात 'नवाश्मयुगीन' लिहू नका. 'सूर्य-चंद्र कोरलेली, लेखयुक्त असण्याची शक्यता असलेली शिळा' एवढंच लिहा. अतिशयोक्तीचं पत्र फायलीत तळाला जातं.

आणि कायद्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कार्नाकला तीन हजारांवर शिळा, जगभर नाव, कडक कायदे, तरीही २०२३ मध्ये जवळच एका दुकानाच्या बांधकामात ३९ छोटे उभे दगड गेल्याची बातमी आली. परवानगी कागदोपत्री होती म्हणे. दगड छोटे होते, शेतात होते, कोणाच्या रोजच्या नजरेत नव्हते.

तुमच्या नजरेत ठेवायचा तर तो आराखड्यात आला पाहिजे, आणि ही वेळ आत्ताची आहे, आयओडी, म्हणजे महापालिकेची बांधकामाची प्राथमिक मंजुरी, निघाल्यानंतरची नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करून दगड सोसायटीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत घ्या. विकासकाशी होणाऱ्या करारात फोटो आणि मोजमापासकट परिशिष्ट जोडा, 'जागा न बदलता जतन' हे शब्द घालून घ्या. नुसतं 'जतन' लिहिलंत तर ते लॉबीत काचेच्या पेटीत बसवून दाखवतील आणि उद्घाटनाला तुम्हालाच नारळ देतील. ती जागा मोकळ्या मैदानाच्या, म्हणजे आरजीच्या, हद्दीत पडेल असा प्लॅन तुमच्या पीएमसीकडून, म्हणजे प्रकल्प सल्लागाराकडून, करून घ्या. भिंतीलगतचा कोपरा आहे, हे फार कठीण नाही. रॅम्प किंवा टाकी तिथे येत असेल तर आत्ताच भांडा.

पाडकामाआधी दगडाभोवती गोणपाट आणि फोमचा थर, त्यावर फळ्यांची मजबूत पेटी, पेटीवर भडक रंग. भोवती तीन मीटरपर्यंत जेसीबी बंद, खोदाई हाताने, आणि पायलिंगच्या दिवसांत कोणीतरी रोज जाऊन दगड कलला नाही ना ते बघायचं. यासाठी भिंतीवर एक खूण आणि ओळंबा पुरतो. पेव्हर ब्लॉक काढायचे ते विभागाच्या माणसासमोर. खाली गाढव निघालं तर मला जरूर कळवा, नाही निघालं तरी कळवा. मी फोटोवरून बोलले आहे.

नवीन चौथरा बांधताना काँक्रीट त्याच्या अंगाला लागू देऊ नका. सिमेंटमधले क्षार दगडात चढतात, आणि पाणी अडून बसतं. चुना, वाळू, खडी, बाहेरच्या बाजूला उतार, बस. काचेची पेटी तर मुळीच नको, मुंबईच्या दमटपणात आत आठवडाभरात शेवाळ धरतं. चारी बाजू उघड्या असलेलं छोटं छप्पर चालेल, पण पागोळी दगडावर पडणार नाहीत इतकं पुढे आलेलं. इंग्लंडातल्या रडस्टनला चर्चच्या आवारात साडेसात मीटरची शिळा आहे, तिच्या माथ्यावर १७७३ मध्ये शिशाची टोपी बसवली होती. पाणी माथ्यातून शिरतं हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. पिंपळाचं मात्र बघायला हवं. मुळं दगडाला धरूनही ठेवतात आणि ढकलतातही. झाड तोडायचा विचार करण्याआधी उद्यान विभागाचा माणूस आणि आमच्यातला एक, दोघांना एकाच वेळी बोलवा.

आणि आजींकडे जा. फोन रेकॉर्डिंगवर ठेवून, घाई न करता. त्यांना हे कोणी शिकवलं, सासूने की आईने, अमावास्याच का, 'खांबदेव' हेच नाव की आणखी काही, दगड पूर्वी किती उंच दिसायचा, खालचं काही त्यांनी लहानपणी पाहिलंय का. हा शेवटचा प्रश्न मी नेहमी बायकांना एकट्यात विचारते. पुष्कळदा त्यांना गाढवाचं सगळं माहीत असतं, फक्त कधी कोणी विचारलेलं नसतं.

तुमच्या प्लॅनचा जो फोटो तुम्ही पाठवलात त्यात मागच्या भिंतीला फाटक दिसत नाही. आज आजी गावठाणातून येतात त्या कुठून येतात? तिथलं छोटं फाटक नव्या आराखड्यात बुजवलं असेल तर आधी ते उघडायला लावा.